शेतावरचे ससे, कोल्हे आणि कमी आवाजाची रायफल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेलबर्नच्या बाहेर, किल्मोर, काइनटन, बॅकस मार्श, बॅलरॅट या बाजूंना थोडीफार जमीन घेऊन राहणारी मराठी कुटुंबं आता भेटतात. पहिलं वर्ष कौतुकात जातं. मग सशांनी पोखरलेला उतार नजरेत भरायला लागतो, आणि एखाद्या सकाळी खुराड्याचं दार उघडावं तर आत पिसं आणि रक्त. त्यानंतर रायफलचा विषय निघतो, आणि लगेच पुढचा प्रश्न येतो: शेजाऱ्यांना त्रास न होईल अशी, कमी आवाजाची कुठली घ्यावी?

ही उत्तरं व्हिक्टोरिया राज्य डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. आवाज कमी हवा ही अपेक्षा रास्तच आहे. पण जनावर पहिल्याच गोळीत, जागच्या जागी मेलं पाहिजे ही अट त्याच्या आधी येते, आणि खालचं प्रत्येक उत्तर त्याच क्रमाने दिलं आहे.

सशासारख्या गरीब जनावराला मारायचंच कशाला?

आपल्याकडचा ससा माळावर, गवताच्या आडोशाला राहतो. बिळं खणत नाही. ऑस्ट्रेलियातला ससा युरोपातून आणलेला. तो जमिनीखाली बिळांचं जाळं करतो आणि वर्षभर पिल्लं देतो. १८५९ साली थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने विंचेल्सीजवळच्या आपल्या बारवॉन पार्क या जागेवर शिकारीसाठी २४ ससे सोडले. पुढच्या पन्नासेक वर्षांत त्यांच्या संततीने या खंडाचा बहुतेक भाग व्यापला. कोल्हाही (इंग्रजीतला फॉक्स) असाच, घोड्यावरून शिकार करण्याच्या हौसेपायी इंग्लंडहून आणलेला. जमिनीवर वावरणाऱ्या इथल्या कित्येक लहान प्राण्यांच्या आणि पक्ष्यांच्या ऱ्हासात त्याचा मोठा हात आहे. व्हिक्टोरियात या दोघांनाही उपद्रवी प्राणी ठरवलेलं आहे, आणि जमिनीवरच्या सशांचा बंदोबस्त करणं ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे.

मात्र नुसत्या रायफलने ससे संपत नाहीत. बिळं नांगरून मोडणं, झुडपांचे आडोसे काढणं, नियमांनुसार विषारी आमिष टाकणं ही मुख्य कामं. १९५० मध्ये सोडलेला मिक्सोमा विषाणू आणि १९९५-९६ पासून पसरलेला दुसरा विषाणू, यांनी सशांची संख्या वेळोवेळी खाली आणली. पण उरलेल्यांत प्रतिकारशक्ती येते आणि ते पुन्हा वाढतात. रायफल उपयोगी पडते ती या सगळ्यातून मागे राहिलेल्यांसाठी.

सायलेन्सर लावला की प्रश्न मिटला ना?

इथे नाही. व्हिक्टोरियात सायलेन्सर जवळ बाळगायलाच पोलिसांची खास परवानगी लागते, आणि हौशी शेतकऱ्याला ती मिळेल अशी आशा धरू नये. न्यू साउथ वेल्समध्येही तो प्रतिबंधित वस्तूंत मोडतो. न्यूझीलंडमध्ये तो सर्रास वापरतात, ब्रिटनमध्येही शिकाऱ्यांच्या हातात सहज दिसतो. त्यामुळे तिथले व्हिडिओ बघून "अमुक रायफलचा आवाजच येत नाही" असं मनात पक्कं बसतं. ती रायफल उघड्या नळीने चालवून बघितली तर चित्र अगदी वेगळं असतं. घरी काही जोडजाड करून सायलेन्सर बनवायचा विचारही करू नका. तो गंभीर गुन्हा आहे आणि परवाना कायमचा जाऊ शकतो.

म्हणूनच इथे काडतुसाची निवड जास्त महत्त्वाची ठरते.

बंदुकीचा आवाज नेमका कुठून येतो?

तीन ठिकाणांहून. पहिला नळीच्या तोंडाशी: जळलेल्या दारूचा वायू दाबाखाली बाहेर पडतो, तो बार. दारू जितकी जास्त तितका तो मोठा. .२२, .१७ ही काडतुसांची नावं, आकडा साधारण गोळीच्या इंचांतल्या व्यासाचा. .२२ च्या सबसॉनिक, म्हणजे ध्वनीपेक्षा हळू गोळीच्या काडतुसात दारू ग्रॅमच्या दहाव्या हिश्श्याइतकीही नसते. .१७ एचएमआरमध्ये साधारण एक तृतीयांश ग्रॅम, .२२ हॉर्नेटमध्ये पाऊण ग्रॅमच्या आसपास, .२२३ मध्ये दीड ग्रॅमहून जास्त, आणि .२४३ मध्ये अडीच. आवाजाची क्रमवारी जवळपास हीच.

दुसरा आवाज गोळीचा स्वतःचा. ध्वनीच्या वेगापेक्षा जोरात जाणारी गोळी वाटभर चाबकासारखा कडाड असा आवाज करत जाते. तो सायलेन्सरनेही जात नाही, कारण तो नळीतून येतच नाही. गोळी ध्वनीपेक्षा हळू असली तरच तो टळतो. तिसरा आवाज गोळी लागल्याचा, धप्प असा. सबसॉनिक वापरताना तो इतका स्पष्ट ऐकू येतो की नेम लागला की चुकला हे कानालाच कळतं.

सशासाठी सगळ्यांत शांत आणि तरीही खात्रीचं काडतूस कुठलं?

.२२ लाँग रायफल, सबसॉनिक, पोकळ टोकाची गोळी. हे काडतूस १८८७ पासून चालत आलं आहे, आणि सशासाठी त्याहून चांगला पर्याय मला दिसत नाही. ३८ ते ४० ग्रेनची, म्हणजे अडीच ग्रॅमच्या आसपासची शिशाची गोळी सेकंदाला ३२० मीटरच्या आगेमागे निघते. नळीच्या तोंडाशी ऊर्जा सुमारे १३० जूल. दीड किलोच्या सशाला डोक्यात लागली तर एवढी पुरून उरते.

अडचण आहे ती अंतराची. हळू जाणारी गोळी लवकर खाली येते. ५० मीटरवर झिरो केलेली, म्हणजे त्या अंतरावर गोळी नेमक्या नेमाच्या जागी लागेल अशी दुर्बीण बसवलेली रायफल ७५ मीटरवर साधारण नऊ सेंटिमीटर खाली मारते, आणि १०० मीटरवर चोवीसेक. सशाच्या डोक्यात जिथे गोळी बसायला हवी ती जागा चार-पाच सेंटिमीटरांची. म्हणजे अंतराचा अंदाज दहा-पंधरा मीटरने चुकला तरी ससा जबडा फुटलेल्या अवस्थेत बिळात शिरू शकतो, आणि आत तो दोन दिवस जगतो. ५० ते ६० मीटरच्या पलीकडे सबसॉनिकने सशावर गोळी टाकू नये, हे मी प्रत्येक नवशिक्याला बजावून सांगतो. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूने, संध्याकाळी उन्हं कलताना, सावकाश पुढे सरकलं तर तेवढं अंतर गाठता येतं.

हवामानाकडेही लक्ष हवं. ध्वनीचा वेग थंडीत घटतो: २० अंशांना सेकंदाला ३४३ मीटर, शून्याला ३३१. ज्या काडतुसाच्या खोक्यावर ३२६ छापलेलं असतं ते उन्हाळ्यात आरामात शांत राहतं. जुलैतल्या दहिवराच्या रात्री मात्र त्यातली एखादी जोरकस गोळी मर्यादा ओलांडते आणि मध्येच कडाड होतं. डोंगराळ भागात राहणाऱ्यांनी ३२० च्या खालचं काडतूस निवडावं.

आणि दोन-तीन कंपन्यांची काडतुसं आणून कागदावर मारून बघा. .२२ ची प्रत्येक नळी आपल्या आवडीचं काडतूस ठरवते. एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन रायफलींना वेगवेगळी काडतुसं मानवतात. ५० मीटरवर पाच गोळ्या अडीच सेंटिमीटरांत बसत नसतील तर ते काडतूस त्या रायफलीचं नाही.

"क्वाएट" नावाने मिळणारी आणखी हळू काडतुसं?

सीसीआय क्वाएट-२२ हे त्यातलं माहितीतलं नाव. ४० ग्रेनची गोळी, सेकंदाला सुमारे २१६ मीटर. सायलेन्सर नसतानाही आवाज एअर रायफलच्या जवळ येतो. पण ऊर्जा ६० जूलच्या आसपास, म्हणजे सबसॉनिकच्या निम्मी. गोठ्यामागे, भाजीच्या वाफ्यात पंचवीस-तीस मीटरवर बसलेल्या सशासाठी ठीक. त्यापुढे नको. झिरोही वेगळा करावा लागतो, त्यामुळे आज हे आणि उद्या ते अशी अदलाबदल केली तर नेम चुकणारच.

एअर रायफल बरी नाही का?

तीस-पस्तीस मीटरपर्यंत, डोक्यात, स्थिर टेकूवरून: हो, सशासाठी बरी. कोल्ह्यासाठी अजिबात नाही. आणि इथे तिलाही .२२ सारखाच "ए" वर्गाचा परवाना लागतो. भारतातल्या जत्रेत फुगे फोडायची बंदूक म्हणून तिच्याकडे बघू नये.

.१७ एचएमआरबद्दल फार ऐकलं आहे. ती शांत आहे का?

शांत नाही. तिचे गुण वेगळे आहेत. २००२ मध्ये हॉर्नेडी कंपनीने .२२ मॅग्नमच्या पुंगळीचं तोंड आवळून हे काडतूस आणलं. १७ ग्रेनची इवलीशी गोळी सेकंदाला ७७० मीटरच्या पुढे निघते, ध्वनीच्या दुपटीहून जोरात. बार .२२ पेक्षा मोठा आणि कडाड अटळ, तोही तीक्ष्ण.

तरी दोन कारणांसाठी मी तिची बाजू घेतो. १०० मीटरवर झिरो केली तर ५० ते १२० मीटरच्या टप्प्यात गोळी नेमाच्या रेषेपासून तीन-चार सेंटिमीटरांहून जास्त सरकत नाही, म्हणजे अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी ससा जखमी होऊन पळत नाही. दुसरं म्हणजे वेगवान गोळीचा कडाड आवाज गोळीच्या वाटेवरून येतो, बंदुकीच्या जागेवरून नाही. सशाला दिशाच समजत नाही. कितीदा तरी एक ससा पडतो आणि शेजारचा कान टवकारून तिथेच बसून राहतो. जनावराच्या दृष्टीने ही रायफल तिच्या डेसिबलपेक्षा शांत आहे. शेजाऱ्याच्या दृष्टीने नाही. वारा असेल त्या दिवशी मात्र एवढी हलकी गोळी बाजूला ढकलली जाते. अशा दिवशी अंतर कमी करावं.

.२२ मॅग्नम?

१९५९ चं जुनं, भरवशाचं काडतूस. ४० ग्रेनच्या गोळीला ४३० जूलच्या आसपास ऊर्जा. शंभर मीटरच्या आत कोल्ह्यावर .१७ पेक्षा जड घाव घालतं. आवाज .१७ एवढाच धरून चाला, काडतूस महाग, आणि सशाचं मांस बरंच खराब होतं.

कोल्ह्यासाठी .२२ सबसॉनिक पुरते का? माझे शेजारी तर तिनेच मारतात.

माझं उत्तर नाही असंच आहे. कोल्हा पाच-सहा किलोचा, चिवट आणि सतत डोकं हलवणारा प्राणी. छातीत लागलेली सबसॉनिक गोळी त्याला मारते, पण कधी? दोनशे मीटर पळून, झुडपात शिरून, तासाभराने. वीस-तीस मीटरवर उभ्या कोल्ह्याच्या मेंदूत अचूक गोळी घालणारे नेमबाज आहेत, पण तुम्ही-आम्ही बॅटरीच्या उजेडात, धडधडत्या छातीने तेवढं अचूक मारू शकत नाही. शिवाय एकदा जखमी होऊन सुटलेला कोल्हा उजेड आणि त्याला जवळ बोलवायला वाजवतात ती शीळ या दोन्हींना कायमचा सावध होतो. आवाज वाचवण्याच्या नादात त्याला मारणं आणखी अवघड करून ठेवलेलं असतं.

मग कोल्ह्यासाठी त्यातल्या त्यात कमी आवाजाची कुठली?

.२२ हॉर्नेट. १९३० पासून बाजारात असलेलं हे छोटं सेंटरफायर (बुडाच्या मध्यावर ठोका बसून पेटणारं) काडतूस ऑस्ट्रेलियातल्या जुन्या शेतकऱ्यांच्या आवडीचं आहे, आणि त्याला कारण आहे. ४५ ग्रेनची गोळी सेकंदाला सव्वाआठशे मीटरच्या आसपास, ऊर्जा हजार जूलला टेकलेली. दीडशे मीटरपर्यंत छातीत लागली की कोल्हा तिथेच बसतो. .२२३ च्या निम्म्या दारूत हे काम होत असल्याने बारही स्पष्टपणे कमी. कडाड आवाज होतोच, पण दरी भरून घुमणारा दणका नसतो. त्रास एवढाच की काडतुसं प्रत्येक दुकानात मिळत नाहीत आणि स्वस्तही नाहीत.

.२२३ रेमिंग्टनचं बरोबर उलटं. काडतूस कुठेही मिळतं, दोनशे मीटरपर्यंत कोल्ह्याला शंकाच नाही, रायफलींचे पर्याय भरपूर. पण नळीशी आवाज १५० डेसिबलच्या वर, आणि शांत रात्री तो दोन-तीन किलोमीटर सहज जातो. शंभर एकर आणि लांबचे शेजारी असतील तर .२२३ घ्या. दहा-वीस एकर असतील आणि कोल्हा नेहमी शंभर मीटरच्या आतच येत असेल, तर हॉर्नेट. .२४३ कोल्ह्यासाठी गरजेपेक्षा फार मोठी आहे. ती हरणांसाठी असू द्या.

.३०० ब्लॅकआउट सबसॉनिक ही कोल्ह्यासाठी शांत म्हणून सांगतात. खरं का?

सायलेन्सर लावून, हो. उघड्या नळीने तिचा फायदा बराच जातो. शिवाय २२० ग्रेनच्या त्या जड गोळ्यांपैकी पुष्कळशा इतक्या कमी वेगाला जनावरात शिरल्यावर फुलत (पसरत) नाहीत. आरपार छिद्र पाडून निघून जातात आणि पुढे दगडावर उसळतात. छोट्या जमिनीवर ही गोळी मला नको वाटते.

लांब नळीने आवाज कमी होतो का?

.२२ मध्ये होतो, आणि फुकटात होतो. सबसॉनिकची दारू पहिल्या चाळीसेक सेंटिमीटरांतच जळून जाते. नळी साठ सेंटिमीटरांची असेल तर उरलेल्या लांबीत वायूचा दाब उतरतो आणि तोंडाशी बार मंद होतो. शिवाय तो तुमच्या कानापासूनही लांब जातो. आखूड, सुटसुटीत रायफली सायलेन्सर लावता येणाऱ्या देशांसाठी ठीक. इथे जुनी लांब नळीची बोल्ट रायफल (प्रत्येक गोळीला हाताने खटका ओढायची) मिळाली तर ती सोडू नका.

हळू गोळी जास्त सुरक्षित असते ना?

हा गैरसमज जीवघेणा आहे. .२२ ची शिशाची हळू गोळी जमिनीवर आपटून फुटत नाही. कडक वाळलेली जमीन, दगड, तळ्याचं पाणी यांवरून ती घूं-घूं करत उसळते आणि कुठल्या दिशेला जाईल याचा नेम नसतो. .२२ ची गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. फेब्रुवारीत, जमीन विटेसारखी तापलेली असताना, सपाट पॅडॉकवर (कुंपण घातलेल्या कुरणावर) मारलेली सबसॉनिक गोळी ही मला ठाऊक असलेली सगळ्यांत धोकादायक गोष्ट आहे. .१७ ची आणि हॉर्नेटची पातळ कवचाची गोळी मातीला लागताच बहुधा चुरा होते, म्हणून त्या बाबतीत त्या बऱ्या. पण "बहुधा" या शब्दावर कुणाचा जीव टांगू नये.

नियम एकच: गोळी थांबवणारी माती दिसली पाहिजे. ससा उताराच्या पोटाशी असेल तर मारा. टेकडीच्या माथ्यावर, आकाशाच्या पार्श्वभूमीवर दिसणारा ससा किंवा कोल्हा, कितीही सोपा असला तरी सोडून द्या. रात्री तर दोन चमकते डोळे म्हणजे कोल्हाच असं नसतं. शेजाऱ्याचा कुत्रा, वॉलबी, वॉम्बॅट, मेंढी, सगळ्यांचे डोळे चमकतात. पूर्ण जनावर दिसेपर्यंत बोट चापावर नको.

जमीन सपाट आणि घरं जवळ असतील तर रायफलीऐवजी .४१० ची छऱ्याची बंदूक घ्या. बार .२२ पेक्षा मोठा, पण छरे दोन-तीनशे मीटरमध्ये पडतात. तीस मीटरच्या आतल्या सशाला ती पुरते.

शेजाऱ्यांची तक्रार येऊ नये म्हणून काय करायचं?

आधी जाऊन भेटा. डबाभर चकल्या घेऊन गेलात तरी चालेल, पण सांगा: या आठवड्यात संध्याकाळी कोल्ह्यासाठी बसणार आहे, दोन-चार आवाज येतील. ज्यांच्याकडे घोडे आहेत त्यांना नक्की सांगा, कारण बिथरलेला घोडा तारेच्या कुंपणात शिरतो. मेंढ्यावाले बहुतेक खूशच होतात. ऑगस्टमध्ये कोकरं जन्मतात तेव्हा कोल्ह्याने त्यांचं नुकसान केलेलं असतं. रात्री बसणार असाल तर स्थानिक पोलीस ठाण्यातही फोन करून कळवा. कुणी तक्रार केली तर त्यांना आधीच ठाऊक असतं.

आवाज कुठे जातो हेही समजून घ्या. नळीच्या तोंडाचा बार समोरच्या बाजूला सर्वांत जास्त जातो, म्हणून घरांकडे पाठ करून बसण्याची जागा निवडा. हिवाळ्यात निरभ्र, निवांत रात्री जमिनीलगत थंड हवा साचते आणि तिच्यावरच्या उबदार थरामुळे आवाज खाली वळून दूरवर पोहोचतो. थोडा वारा असलेली किंवा ढगाळ संध्याकाळ त्यापेक्षा बरी.

.२२ साठीही कानाला संरक्षण हवंच का?

हवंच. साधी .२२ सुद्धा नळीशी १४० डेसिबलच्या आसपास जाते, आणि क्षणिक आवाजाने कानाला कायमची इजा होण्याची मर्यादा तीच धरली जाते. हॉर्नेट आणि .२२३ ला इयरमफ आणि आत बोळे, दोन्ही. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही.

एकच रायफल घ्यायची असेल तर?

ससे जास्त, कोल्हा क्वचित: .२२ बोल्ट-अॅक्शन, आणि कोल्ह्यासाठी कोंबड्यांचं खुराडं पक्कं करा, रात्री दार लावा. दोन्ही सारखेच: .१७ एचएमआर, पण कोल्ह्यावर ऐंशी मीटरच्या आत आणि तो स्थिर असेल तरच. कोल्हा हाच मुख्य शत्रू: हॉर्नेट.

परवान्याचं काय?

पोलिसांचा सुरक्षा अभ्यासक्रम, मग अर्ज, आणि शिकार किंवा शेती यांसारखं खरं कारण. रिमफायर (काडतुसाच्या बुडाच्या कडेवर ठोका बसणारी, .२२ आणि .१७ एचएमआरसारखी) बोल्ट रायफल "ए" वर्गात येते, सेंटरफायर "बी" वर्गात. सेमी-ऑटोमॅटिक (पुढचं काडतूस आपोआप चढणारी) विसरा; १९९६ मध्ये पोर्ट आर्थरच्या हत्याकांडानंतर झालेल्या राष्ट्रीय करारापासून ती सर्वसामान्यांसाठी बंद आहे. पहिल्या बंदुकीच्या परवानगीला २८ दिवस थांबावं लागतं. पक्की तिजोरी आधी बसवा, काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवा. नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत आणि बदलत राहतात, म्हणून अर्जाआधी आपल्या राज्याच्या पोलिसांकडून खात्री करा.

गावाकडच्या शेतात रानससे, कोल्हे येतात. तिथे हे चालेल का?

नाही. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ससा, कोल्हा, खोकड यांच्या शिकारीवर बंदी आहे, बंदुकीचा परवाना असला तरी. आणि ते तिथलेच प्राणी आहेत. खोकड शेतातले उंदीर खातं. वर लिहिलेलं सगळं परक्या भूमीत आणून सोडलेल्या जनावरांबद्दल आहे.

मारलेला ससा खाता येतो का?

येतो, आणि खाल्ला जावा असंच मला वाटतं. डोक्यात गोळी लागलेला, दिसायला निरोगी, डोळे-कान सुजलेले नसलेला ससा घ्यावा. लगेच पोट साफ करून थंड करा. सशाच्या मांसाला चरबी फारशी नसते, म्हणून आलं-लसूण आणि दही लावून रात्रभर ठेवा, मग कांदा-खोबऱ्याच्या वाटणात मंद आचेवर दीड-दोन तास शिजू द्या. तुमच्या किंवा शेजारच्या जमिनीवर विषारी आमिष टाकलं असेल तर मात्र त्या भागातला ससा माणसाने नाही आणि कुत्र्यानेही नाही. जे खाणार नाही ते खोल पुरा. उघड्यावर पडलेल्या सशातलं शिशाचे कण असलेलं मांस वेज-टेल गरुड खातात आणि ते शिसं त्यांच्या अंगात साठतं.